डावखुरा

चाळीस वर्षं आमचं एकच भांडण आहे.
सप्री म्हणतो, कोयता उजव्या हातात होता.
मी म्हणते, डाव्या.

चोंडेतला सलाकच्या बागा होत्या तेव्हाची गोष्ट.
जकार्ता अजून आमच्या कुंपणापर्यंत पोचलं नव्हतं.
कुणाच्या मुलाची सुंता, कुणाच्या घरी लग्न,
की मुर्सिद यायचा हातगाडीवर प्रोजेक्टर घालून.
दोन बांबू पुरायचे, मध्ये पडदा ताणायचा,
आणि मैदानाच्या टोकाला एका काडीला
लाल मिरची न् लसूण टोचून उभी करायची,
पावसाने आजची रात्र सोडावी म्हणून.
पाऊस कधी ऐकायचा,
कधी मिरचीसकट सगळं धुऊन न्यायचा.

पडद्यापुढे खुर्च्या, बोलावलेल्यांच्या.
सप्री तिकडे. मुर्सिदची रिळं तोच उचलायचा,
त्याची ऐट काय विचारता!
पडद्यामागे आम्ही:
सायकलरिक्षावाले, उघडी पोरं, डास,
आणि आईची शेंगा उकडायची चूल,
कारण धुराने पाहुण्यांचे डोळे झोंबतात.

मागूनही सिनेमा अख्खा दिसतो.
अक्षरं तेवढी उलटी चालतात.
मला सुलटीही वाचता येत नव्हती,
तेव्हा माझं काही अडलं नाही.

आणि नायक डावखुरा!
जमीनदाराची दहा माणसं लोळवणं
म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा मळ.
मीही डावखुरी.
घास डाव्या हातात दिसला की आईची पळी बसायची,
कुणाला काही दिलं डाव्याने, की पुन्हा पळी.
आणि इथे पडद्यावर, एवढा मोठा, उजेडाचा,
डावा हात वर गेला की
सगळं मैदान शिट्ट्या मारत होतं.
मी चुलीपाशी बसून
माझा हात उजेडात धरून बघायची.

गेल्या महिन्यात नुरलेला, आमची नात,
आम्हाला शहरातल्या मोठ्या कलाकेंद्रात घेऊन गेली.
तोच सिनेमा. धुऊन, पुसून, ओरखडे काढून.
गार हवा, मऊ खुर्च्या, माझ्या अंगावर शाल.
एका चष्मेवाल्या बाईने आधी वीस मिनिटं
सिनेमा का महत्त्वाचा ते सांगितलं.
मग तो आला.
कोयता उजव्या हातात.

सप्रीने कोपराने ढोसलं मला.
अंधारातसुद्धा त्याचे दात दिसत होते.

सुटल्यावर मी पडद्यामागे जायची वाट शोधली.
तिथे भिंत होती. हात लावून पाहिला.
सिमेंट. थंड.
रखवालदार अदबीने म्हणाला,
‘आजी, शौचालय त्या बाजूला.’

बाहेर रस्त्यावर ओंडेल-ओंडेल नाचत होती,
दोन पुरुष उंचीची बाहुली, टकामका डोळ्यांची,
पुढे एक पोरगा डबा वाजवत पैसे मागत.
बाहुलीच्या पोटाला एक भोक असतं,
आतला नाचणारा त्यातून बघतो.
मी त्या भोकापाशीच नोट धरली.
आतून एक घामेजलेला हात आला.
कुठला, ते मी बघितलं नाही,
उगाच डावं-उजवं कशाला करा.

परवा शनिवारी हाजी नसिमांच्या अंगणात
मुर्सिदच्या पुतण्याने बांबू पुरले.
मशीन तेच, खोकणारं.
चारी बाजूंनी इमारती, गॅलऱ्यांतून माणसं,
आता वरून बघणारेही झालेत.
सप्रीला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली.
मी आपली मागे, शेंगांचं पातेलं घेऊन.

दुसरं रीळ लागलं आणि
कोणीतरी शेजारी चप्पल काढून तिच्यावर बसलं.
गुडघे कटकन वाजले, त्यावरून ओळखलं.
बोलला नाही. बघत राहिला.
कोयता वर गेला,
गॅलऱ्या ओरडल्या.
बराच वेळ तो बघतच राहिला.

मग पडद्यावरची नजर न काढता
त्याने ओंजळ पुढे केली.
मी शेंगा दिल्या, गरम,
डाव्या हाताने.

घेतल्या.
म्हणाला, मीठ कमी आहे.